गाडी चालत आली पाहिजे

आनंदरावांची अट एकच होती. गाडी नागपूरहून आमच्या गावी, एकोडीला, स्वतःच्या इंजिनावर चालत गेली पाहिजे. ट्रकवर चढवली, दोर बांधून ओढली किंवा ढकलत दारात नेली, तर सौदा रद्द. इसार परत, गाडी परत. गाडी घराच्या दारात चालू स्थितीत पोचलेली ते फोनवर स्वतः पाहणार होते, आणि त्यानंतरच विक्रीच्या कागदांवर सह्या करणार होते.

"अट कडक वाटत असेल तर आताच सांगा," ते म्हणाले. "याआधी दोघांना मी चहा पाजून परत पाठवलं. एकाला ती हॉटेलच्या दारात काचेच्या पेटीत ठेवायची होती. दुसऱ्याला लग्नांसाठी भाड्यानं द्यायची होती, वर झेंडूच्या माळा लावून."

"छे छे," धनंजय म्हणाला.

धनंजय म्हणजे माझा नवरा. त्या क्षणी आनंदरावांनी गाडी डोक्यावर घेऊन जायची अट घातली असती तरी तो 'छे छे' म्हणाला असता. इंजिनिअरिंगच्या वसतिगृहात इतर मुलांच्या भिंतींवर नट्यांची चित्रं होती, तेव्हा याच्या भिंतीवर एका इंजिनाचा आडवा छेद होता. आता तो साकोलीला हार्वेस्टरच्या सुट्या भागांचं दुकान चालवतो आणि धानाच्या हंगामात स्वतःचे हार्वेस्टर भाड्यानं देतो. ते इंजिन मात्र डोक्यातून गेलं नाही. ते ज्या जपानी स्पोर्ट्स कारमध्ये बसवलेलं असतं तशा गाड्या भारतात मोजक्या, आणि त्यांतही कागद सरळ असलेल्या आणखी मोजक्या. ही त्यांतली होती. आनंदराव खाणीच्या कंपनीत भूगर्भशास्त्रज्ञ होते. जपानमधली नोकरी संपवून येताना रीतसर घेऊन आले होते. लाल रंग, बसकी, दोन दरवाज्यांची.

खरेदीला आम्ही तिघं बसनं नागपूरला गेलो होतो. तिसरे माझे सासरे, भय्याजी. त्यांना न्यायचं धनंजयच्या मनात नव्हतं. पण भय्याजींनी आयुष्यभर शंकरपटाचे, म्हणजे शर्यतीचे, बैल घेतले आणि पळवले. त्यांच्या मते चार चाकं किंवा चार पाय असलेली वस्तू त्यांनी पाहिल्याशिवाय घरात येऊ शकत नव्हती.

ते गाडीभोवती एक फेरी मारून आले. टायरवर टिचकी मारली. बॉनेटवर पालथा हात ठेवून बराच वेळ उभे राहिले. मग वाकून समोरून पाहू लागले. आनंदरावांनी आतून बटण दाबलं आणि बॉनेटमध्ये दडलेले दोन दिवे वर आले.

भय्याजी एक पाऊल मागे सरले. "अबे, डोये उघडले!" मग जवळ जाऊन म्हणाले, "पुन्हा उघडा जी." दुसऱ्यांदा पाहून त्यांनी निकाल दिला, "डावा जरासा मागून उघडते."

आनंदराव गाडीतून उतरले. "हे ओळखणारे तुम्ही पहिले."

"खाते किती?"

"लिटरला सात किलोमीटर. फार तर आठ."

"आणखी?"

"तेल पिते. पेट्रोलबरोबर थोडं इंजिन ऑइल जळतं. ते जळायलाच पाहिजे. नाही जळलं तर बिघडली समजायचं."

"म्हणजे पेल्याबिगर चालत नाही," भय्याजी म्हणाले. "असे आमच्या गावात दोन-तीन हायत."

धनंजयनं घसा खाकरला. त्याला इंजिनाच्या आतल्या सीलविषयी प्रश्न विचारायचे होते. ते त्यानं क्रमानं पाठ केले होते. पण आनंदरावांचं लक्ष आता त्याच्याकडे नव्हतंच. त्यांनी आतून एक जड लोखंडी तुकडा आणला. तीन कोपरे, मधे पोट सुटलेल्या तीन बाजू. नेहमीच्या इंजिनात दट्ट्या वर-खाली होतो. या इंजिनात त्याच्या जागी असा तिकोनी रोटर एका लांबट पोकळीत फिरत राहतो आणि त्याचे तीनही कोपरे भिंतीला सतत घासून असतात. भय्याजींनी तो दोन्ही हातांत तोलला आणि हवेत गोल फिरवला.

"म्हणजे जातं."

"काय?"

"जातं हो. बाकीच्या गाड्या मुसळानं कांडते. हे दळते."

आनंदराव हसले नाहीत. त्यांनी दोनदा मान हलवली. मग भय्याजींना ती अट सांगितली, जी ते आधी फक्त धनंजयला सांगत होते.

"बरोबर हाय," भय्याजी म्हणाले. "पटाचा बैल चालतच घरी आणा लागते. टेम्पोत घालून आणला तं दारात उभा राहूनही त्याले वाटते, आपण इथं पाहुणेच हाओ. मी शब्द देतो, गाडी चालत येईन."

अशा रीतीनं, ज्या गाडीचा धनंजयनं आठ वर्षं अभ्यास केला होता ती भय्याजींच्या भरवशावर मिळाली. धनंजयला आनंद झाला होता आणि थोडा अपमानही. निघताना आनंदरावांनी किल्ली त्याच्याच हातात दिली, म्हणून तो लवकर सावरला.

पुढे धनंजय आणि भय्याजी बसले. मागे मी. मागची सीट ही त्या गाडीत एक कल्पना होती. मी तिच्यावर आडवी, गुडघे पोटाशी घेऊन बसले आणि उजव्या खिडकीतून आकाश पाहत राहिले. गाडी सुरू झाल्यावर मात्र एक गोष्ट मान्य करावी लागली. तिच्यात धडधड नव्हती. आवाज चढत जायचा, पण हादरा नाही. मौदा मागे पडलं तेव्हा धनंजय मोठ्यानं गात होता. लग्नानंतरच्या सोळा वर्षांत त्याला गाताना मी ऐकलं नव्हतं. त्याचं कारणही कळलं.

"बाबा, एक गोष्ट ध्यानात ठेवा," गाणं थांबवून तो म्हणाला. "ही गाडी थंडी असताना चालू करून लगेच बंद करायची नाही. थंड्या इंजिनात पेट्रोल जास्त जाते. गरम व्हायच्या आत बंद केली का ते आतच राहते, तेलाचा थर धुवून टाकते, आणि मग दाबच तयार होत नाही. चालू केली का काटा मधात येईपर्यंत चालवायची. सगळ्या जगात लोक हीच चूक करते."

"करून कोन राह्यलं?" भय्याजी म्हणाले. ते फोनवर होते.

हे मी जेवणाच्या ताटावर अनेकदा ऐकलं होतं. इंटरनेटवरच्या एका मंडळात धनंजय ब्राझीलच्या, पोलंडच्या लोकांना नेमकं हेच समजावून सांगत असे, आणि 'मूर्ख आहेत' असं मला मराठीत सांगत असे.

भय्याजींचा फोन संपत नव्हता. बैलांचा नवा जोडा आणताना वाटेवरच्या सोयऱ्यांच्या दारावरून तो तसाच पुढे नेत नाहीत. थांबायचं, ओवाळून घ्यायचं, खायचं, मग निघायचं. न थांबता गेलात तर त्या घराशी तुमचं काही उरलं नाही असा त्याचा अर्थ. म्हणून त्यांनी लाखनीला थोरल्या बहिणीला, देवकाबाईंना कळवलं. साकोलीला व्याह्यांना, म्हणजे माझ्या नणंदेच्या, अंजूच्या सासऱ्यांना कळवलं. दोन्ही घरांना त्यांनी एकच वाक्य सांगितलं, "येऊन राहिलो, तयारी ठेवा."

लाखनीत देवकाबाईंच्या घरासमोर गाडी उभी राहिली तेव्हा गल्लीतून जायला जागा नव्हती. महामार्गावर ट्रक लावून दोन ड्रायव्हरसुद्धा पाहायला आले होते. देवकाबाईंचा मुलगा धर्मेंद्र, ज्याचं मोबाइलचं दुकान आहे, गाडीच्या टपाला कोपर टेकवून उभा राहिला, म्हणजे ती त्याच्या कमरेपेक्षा किती वर येते हे सगळ्यांना दिसलं.

"भाऊ, बाकीची मागून येऊन राहिली का?"

"स्पोर्ट्स कार आहे ते."

"वहिनी कुठं बसल्या होत्या?"

मी दाखवलं. तो बराच वेळ मागच्या सीटकडे पाहत राहिला. "पिशवी ठेवाची जागा हाय ते, वहिनी."

देवकाबाईंकडे पाटवडीचा रस्सा होता, पोळ्या होत्या, आणि भावाला ताटावरून उठू न देण्याची जुनी सवय होती. जेवण झालं, मग गोड आलं, मग पान आलं, मग भय्याजी 'जरासं' आडवे झाले. एप्रिलचं ऊन ओट्याच्या पायरीपर्यंत आलं होतं. गाडी तोवर पार थंड झाली असणार. थंड म्हणजे इंजिन. पत्र्यावर हात ठेवता येत नव्हता.

"धनंजया!" ओट्यावरून देवकाबाई ओरडल्या. "गाडीवर ऊन आलं गा! लाल रंग हाय, उडून जाईन!"

धनंजय उठला, किल्ली घेतली, गाडी चालू केली, निंबाच्या सरकलेल्या सावलीपर्यंत मागे घेतली आणि बंद केली. हे त्यानं इतक्या सहजपणे केलं की मला क्षणभर काही कळलंच नाही. विदर्भात ऊन आलं की माणूस गाडी सावलीत घेतो. त्याला विचार करावा लागत नाही.

"तिथं नको लावू भाऊ," धर्मेंद्र म्हणाला. "वर बगळे बसते. सगळा पांढरा करून ठेवतीन."

धनंजयनं ती पुन्हा चालू केली, थोडी पुढे घेतली, बंद केली.

मग देवकाबाई ताट घेऊन आल्या. चाकाखाली लिंबू ठेवलं. लिंबू चिरडलं गेलं पाहिजे, म्हणून गाडी पुन्हा चालू झाली आणि वीतभर पुढे गेली. "आता बंद कर. चालू गाडीले ओवाळत नाहीत," देवकाबाई म्हणाल्या. त्यानं बंद केली. ओवाळणं झालं. गल्लीनं टाळ्या वाजवल्या.

"निघू आता," भय्याजी म्हणाले. "दादाजी व्याही वाट पाहून राहिले."

धनंजयनं किल्ली फिरवली. इंजिन फिरलं, पण फार हलकं, रिकाम्या डब्यात खडा फिरावा तसं. पुन्हा फिरवली. पेट्रोलचा वास ओट्यापर्यंत आला. धनंजयचे हात स्टिअरिंगवर तसेच राहिले. ब्राझीलच्या आणि पोलंडच्या लोकांना काय वाटत असेल ते त्याला पहिल्यांदा समजत असावं.

"काय झालं गा?"

"पेट्रोल जास्त झालं आतमध्ये," तो खाली पाहत म्हणाला. "भिजलं सगळं."

धर्मेंद्र गल्लीकडे वळला. "ऐकलं का? आपली गाडी पेट्रोल संपलं का बंद पडते. मोठ्या लोकांची जास्त झालं का बंद पडते!"

त्यानंतर प्रत्येकानं आपापलं ज्ञान आणलं. एकाच्या मते बॅटरी उतरली होती. एकानं नजर लागल्याचं निदान केलं आणि देवकाबाई मीठ-मिरच्या आणायला आत धावल्या. ट्रकवाल्यांनी आणि पोरांनी मिळून गाडी गल्लीच्या टोकापर्यंत धक्का मारत नेली, मग तिथून परत आणली. जाताना ती बंद होती, येताना बंद होती.

"पिकअप बोलावतो," धर्मेंद्र म्हणाला आणि आवाज खाली आणला. "एकोडीच्या वळणावर उतरवू. दारापर्यंत उतारच हाय, मोकळी सोडून देऊ. फोनमध्ये त्या बुढ्याले काय दिसते? गाडी येताना दिसन. आवाजाचं मी पाहतो, मोबाइलवर लावून देऊ."

धनंजय हातातल्या किल्लीकडे पाहू लागला. मी त्याला सोळा वर्षं ओळखते. तो विचार करत होता. आठ वर्षांचा शोध, वसतिगृहाची ती भिंत आणि गल्लीतलं हसू एका बाजूला, आणि नागपुरात बसलेला एक म्हातारा दुसऱ्या बाजूला.

"पिकअप येणार नाही," भय्याजी म्हणाले.

"मामा, त्याले कळणार नाही."

"त्याले नाही कळन. गाडीले कळन ना."

धर्मेंद्रनं फोन खिशात घातला. धनंजयनं मान वर केली.

मी म्हणाले, "पंपाचा फ्यूज काढा. तुम्हीच सांगता ना सगळ्यांना."

त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, जणू ही माहिती परदेशातून आली होती. मग तो कामाला लागला. पेट्रोल पंपाचा फ्यूज काढला, म्हणजे आत आणखी पेट्रोल जाणार नाही. ठिणगीचे प्लग काढून पुसले आणि देवकाबाईंच्या ओट्यावर ओळीनं उन्हात ठेवले. इंजिन नुसतंच फिरवून आतलं पेट्रोल बाहेर फेकलं. मग प्लगच्या भोकांतून चमचा-चमचा इंजिन ऑइल सोडलं, म्हणजे धुतला गेलेला थर परत यावा आणि रोटरचे कोपरे भिंतीला नीट बसावेत. चमचा देवकाबाईंच्या स्वयंपाकघरातला होता. तो परत घ्यायला त्यांनी नकार दिला.

प्लग बसवले, फ्यूज बसवला, किल्ली फिरवली. पहिल्यांदा नाही. दुसऱ्यांदा आत काहीतरी अडखळलं. तिसऱ्यांदा गाडी चालू झाली आणि आत सोडलेलं सगळं तेल जळून मागच्या नळीतून बाहेर आलं. पांढऱ्या धुरानं आधी निंबाचं झाड दिसेनासं झालं, मग ओटा, मग धर्मेंद्र.

"आग! आग लागली!" कोणीतरी ओरडलं, आणि धुरातून ओला बारदाना उडत येऊन काचेवर पडला.

"बसा!" धनंजय ओरडला. "बसा लवकर, आता हे बंद नाही होऊ द्याची!"

"ओटी भरली नाही रीताची!" देवकाबाईंचा आवाज आला. "अवं, तशी कशी जातं?"

मी तोवर आडवी होऊन मागे शिरले होते. गाडी हलली. देवकाबाई गाडीबरोबर चालत, मग धावत आल्या, आणि त्यांनी खिडकीतून नारळ आत टाकला. तो भय्याजींच्या मांडीवर पडला. तांदूळ मात्र वाऱ्यानं रस्त्यावरच राहिले. गल्लीच्या तोंडाशी मी मागे वळून पाहिलं तेव्हा त्या धुरात कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. त्यांनी हात हलवला नाही.

"वर्षभर बोलणार नाही बाई," भय्याजी नारळ धरून म्हणाले.

लाखनीच्या बाहेर पेट्रोल पंप होता. काटा खाली आलेला, म्हणून धनंजयनं गाडी आत घेतली, पण चालूच ठेवली.

"बंद करा, साहेब," पंपावरची मुलगी म्हणाली.

"बंद नाही करू शकत. तू भर ना."

"चालू गाडीत पेट्रोल भरत नाही. ते पहा, लिहिलं हाय."

"मॅडम, हे गाडी बंद केली का चालू होत नाही."

"मंग काहून घेतली?"

या प्रश्नावर भय्याजींनी तिच्याकडे कौतुकानं पाहिलं. धनंजयनं गाडी रस्त्यावर काढली.

महामार्गावर काही मैल गेल्यावर मी मागून मान लांब करून पाहिलं. तापमानाचा काटा बरोबर मधोमध स्थिर झाला होता. "आता बंद केली तरी चालेल," मी म्हणाले. "गरम झाली आहे."

"नाही."

"तुम्हीच म्हणता, काटा मधे आला की..."

"नाही म्हणजे नाही, रीता!"

लाखनीत जो नियम त्याला माहीत असून आठवला नव्हता, तो आता त्याच्या अंगात शिरला होता, आणि त्याचा दुसरा अर्धा भाग तो विसरला होता. साकोलीतले पंप त्यानं पाहिलेसुद्धा नाहीत.

साकोलीत व्याही दादाजी रस्त्यापर्यंत आले होते. डोक्यावर नवी टोपी, हातात नारळ. शेजारी अंजू ओवाळणीचं ताट घेऊन, आणि मागे खुर्च्या मांडलेल्या. एका टेबलावर नाश्ता झाकून ठेवला होता. दुरून लाल गाडी दिसताच दादाजींनी हात वर केला.

"थांबव," भय्याजी म्हणाले.

"नाही थांबत, बाबा."

"व्याही हायत ते! पोरगी दिली तिथं!"

"चालू ठेवून थांबलो तरी अंजू म्हणणार बंद कर. मग मी काय करू?"

भय्याजींनी क्षणभर विचार केला. मग त्यांनी काच खाली केली, कमरेपर्यंत बाहेर वाकले आणि दोन्ही हात जोडले. गाडी दादाजींच्या समोरून गेली. "येतो जी! मागून येतो! इंजिन बंद नाही होऊन राहिलं!" हे ते ओरडले, पण त्याचा शेवट दादाजींपर्यंत पोचला नसावा. दादाजींचा हात वरच होता. अंजूच्या ताटातला दिवा आमच्या वाऱ्यानं विझला. मला ते मागच्या काचेतून स्पष्ट दिसलं.

"गेली सोयरीक," भय्याजी सीटवर परत बसत म्हणाले. नंतर, थोडं अंतर गेल्यावर, "पण चालून तं चांगली राहिली."

एकोडीच्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी उन्हाळी धान उभं होतं. पेट्रोलचा काटा तळाला टेकला होता. धनंजयनं घरी फोन लावून धाकट्या भावाला, वीरेंद्रला सांगितलं, "नागपूरला व्हिडिओ लाव. आम्ही आलो. फाटक उघड, तणीस बाजूला कर, मी सरळ आत घेणार."

तणसाचा, म्हणजे धानाच्या पेंढ्याचा, विषय नाजूक होता. माझ्या सासूबाई, गोदावरीबाई, पहिल्यापासून या गाडीच्या विरोधात होत्या. त्यांची बाजू साधी होती: घरात छप्पर असलेली एकच मोकळी जागा आहे, तिथे जनावरांचं वर्षाचं तणीस राहतं. ते बाहेर काढून तिथे अशी गाडी ठेवायची, जिच्यात धड तीन माणसं बसत नाहीत आणि एक पोतं मावत नाही. "पावसात तणीस भिजलं तं तुही गाडी दूध देईन का?" असं त्यांनी धनंजयला विचारलं होतं. 

फाटक उघडं होतं. दोन्ही बाजूंना गाव उभं होतं. फाटकाच्या बरोबर मधोमध सासूबाई ताट घेऊन उभ्या होत्या. वीरेंद्र बाजूला फोन समोर धरून होता. पडद्यावर आनंदरावांचा चष्मा दिसत होता.

धनंजयनं गाडी फाटकापासून हातभर अंतरावर आणून थांबवली. इंजिन चालूच होतं.

"बंद कर," सासूबाई म्हणाल्या.

"आई, आधी आत घेऊ दे."

"चालू गाडीले ओवाळत नाहीत."

"आत जाऊन ओवाळ."

"ओवाळल्याबिगर आत कशी येईन?"

"घ्या, आत घ्या," फोनमधून आनंदराव म्हणाले.

"आई, बाजूला हो ना जरा!"

"मी बाजूले होऊ?" सासूबाई हलल्या नाहीत. "या फाटकातून जे आत आलं ते माह्या हातून आलं. बैल आले, सून आली. हे कोन लागून गेली?"

"ओवाळून टाक लवकर," भय्याजी काचेतून म्हणाले.

"लवकर कायले? मुहूर्त चालला का?"

हे चालू असताना इंजिन एकदा खोकलं. मी पुढच्या दोन सीटच्या फटीतून काट्याकडे पाहत होते, त्यामुळे मला आश्चर्य वाटलं नाही. पुन्हा खोकलं. मग आवाज खाली खाली गेला आणि बंद झाला. इतकी शांतता झाली की ताटातल्या वातीची चरचर ऐकू आली.

सासूबाईंनी मान हलवली. पुढे होऊन बॉनेटवर कुंकवाचं बोट लावलं, अक्षता टाकल्या, ओवाळलं. घाई केली नाही. मग त्या बाजूला झाल्या. गावातली पोरं गाडीच्या मागे जाऊन हात लावून उभी राहिली.

"थांबा," फोनमधून आवाज आला. "कोणी ढकलू नका. बंद कशी पडली?"

वीरेंद्रनं फोन धनंजयकडे नेला. धनंजय भय्याजींकडे पाहू लागला.

"आली ना जी चालत," भय्याजी म्हणाले.

"भय्याजी, गाडी दाराच्या बाहेर उभी आहे, आणि बंद आहे. आपलं काय ठरलं होतं?"

भय्याजींनी आयुष्यभर पटाच्या धावपट्टीवर पंच म्हणून निकालही दिले होते. जोडा रेषेच्या हातभर अलीकडे थांबला तर तो पोचला असं त्यांनी कधी म्हटलं नव्हतं. 

आनंदरावांनी चष्मा काढून पुसला. "धनंजय, तुमच्या घरात गाडीला विरोध कोणाचा आहे म्हणाला होतात?"

"आईचा," धनंजय हळूच म्हणाला.

"त्यांना फोन द्या."

धनंजयनं डोकं स्टिअरिंगवर टेकवलं. छपराखालचं अर्धं तणीस अंगणात ताडपत्रीखाली होतं. सासूबाई विरोधात एक शब्द बोलल्या असत्या तर संध्याकाळपर्यंत ते परत आपल्या जागी गेलं असतं.

सासूबाईंनी ताट माझ्याकडे दिलं आणि फोन हातभर लांब धरला. "कोन?"

"मी आनंदराव, नागपूर. बाई, तुम्ही खरं सांगाल म्हणून विचारतो. गाडी तुमच्या दारात चालत आली की नाही?"

सासूबाईंनी गाडीकडे पाहिलं. लाल पत्र्यावर कुंकू दिसत नव्हतं, नुसत्या अक्षता चिकटल्या होत्या.

"आली ना," त्या म्हणाल्या. "पोरगा म्हणे बाजूले हो. नवरा म्हणे लवकर कर. ताट पाहून आपणहून थांबली ते हे एकलीच. या घरात कोनाले नाही तेवढी समज हाय इले."

पडद्यावर आनंदराव खिसे चाचपत पेन शोधताना दिसले.